आमची वाटचाल : अडीच किलोचं गणित

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा गाळा वडिलांच्या वेळेपासून पंपांचे शाफ्ट बनवतो. जहाजांशी संबंध शून्य. एक दिवस मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक काका ४ मिलिमीटर जाडीचा, वीतभर लांबीचा स्टेनलेसचा शाफ्ट करून मागायला आले. बाबा म्हणाले, "एवढ्याशा कामाला लेथ लावायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला." मी संध्याकाळी थांबून तो करून दिला आणि कुठे बसतो ते बघायला त्यांच्या घरी गेलो.

जेवणाच्या टेबलावर ८७ सेंटिमीटरची राखाडी बोट होती. फ्लॉवर वर्गातली कॉर्व्हेट, म्हणजे राखणीची छोटी युद्धनौका, १:७२ चं प्लास्टिक किट. साचा मूळ मॅचबॉक्सचा, पुढे रेव्हेलने काढलेला. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमधल्या व्यापारी ताफ्यांच्या राखणीसाठी ब्रिटिशांनी देवमासे पकडणाऱ्या बोटींच्या आराखड्यावरून या घाईघाईने बांधल्या. नावं फुलझाडांची. ओल्या गवतावरही डोलतील, असं खलाशी म्हणायचे. त्यातली 'चारलॉक', म्हणजे रानमोहरी, १९४६ मध्ये शाही भारतीय नौदलात आली आणि तिचं नाव झालं 'महरट्टा', म्हणजे मराठा. काकांनी हे सांगितलं आणि माझी विकेट गेली. तेव्हापासून अशी किट रिमोटवर पाण्यात चालतील अशी करून देणं हा आमचा जोडधंदा.

लोकांना वाटतं, किटमध्ये रेडिओ बसवणं अवघड. ते नाही. रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी आणि सुकाणू वळवणारा सर्व्हो, हे एका दुपारचं काम. या बोटीला पंखा एक, सुकाणू एक. बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेसारखे तीन शाफ्ट रांगेत आणायची भानगड नाही. खरा घोळ वजनाचा. खरी बोट ९२५ टनांची. लांबी ७२ पट कमी झाली की वजन ७२ च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पट कमी होतं. उरतं अडीच किलो. त्याहून हलकी राहिली तर लाल रंगाचा तळ पाण्याबाहेर दिसतो आणि फुंकर मारली तरी बोट कलंडते. म्हणून बॅटरी अगदी तळाशी, कण्यावर. उरलेलं वजन शिशाच्या छर्‍यांचं, छोट्या पिशव्यांत भरून. आधी पिशव्या सरकवत बोट सपाट करायची, मगच चिकटवायचं. हे सगळं आम्ही गच्चीवर करतो : विटांचे चार थर, त्यावर निळी ताडपत्री, आत पाणी. बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा तेव्हा वर गेला तो अजून खाली आलेला नाही.

काकांच्या बोटीनंतर त्यांच्या ओळखीतून आणखी दोन आल्या. दुसरी आम्ही बुडवली.

मुरबाडजवळच्या एका शेततळ्यावर चाचणी होती. वीस मिनिटं झकास चालली, मग मागचा भाग जड वाटायला लागला. काठाकडे वळवली, पण रिमोटचं ऐकेना. डोलकाठी शेवटपर्यंत सरळ उभी राहून खाली गेली, हे बघणं फार वाईट. विहिरीतली बादली काढायचा गळ होता, पण तो टाकला तर शेततळ्याचं प्लास्टिक फाटणार. शेवटी मेहुण्याने कपडे काढले. गाळ्यावर उघडून बघितलं : शाफ्टची पितळी नळी अ‍ॅरल्डाइटसकट सुटून हातात आली. स्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, गुळगुळीत असतं, त्यावर अ‍ॅरल्डाइट नुसता बसतो, धरत नाही. पॉलिश पेपर मारायचा कंटाळा केला होता. कोणी, ते लिहीत नाही, पण मेहुणा नव्हता. नवं किट आम्ही पदरचं घेऊन दिलं. आता ८० नंबरचा कागद आधी, आतून फायबरग्लासची पट्टी आणि नळीत ग्रीस भरल्याशिवाय बोट गच्चीवर जात नाही.

आणखी एक गोष्ट हळूहळू कळली. किटमधलं सुकाणू मापात बरोबर असतं, पण पाणी काही ७२ पट लहान होत नाही. बोट वळतच नाही. म्हणून आम्ही त्याच्यामागे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा जोडतो. पाण्यात दिसत नाही, काम करतो. वेगाचंही तसंच. खरी बोट १६ नॉटची, आपल्याला ७२ च्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे सेकंदाला मीटरभर. गिऱ्हाईक म्हणतं, "अजून पळवा की." पळते, पण मग ती स्पीडबोट दिसते. इथे मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो आणि बहुतेक वेळा हरतो.

२०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. किटही त्यातच मोडतात. तेव्हापासून आम्ही किट विकत नाही. गिऱ्हाइकाने आपलं आणायचं, आम्ही पाण्यात उतरवायचं. पोट अजून पंपांच्या शाफ्टवरच आहे.

सध्या काकांचीच दुसरी कॉर्व्हेट टेबलावर आहे. या खेपेला त्यांना 'महरट्टा' हवी आहे. काल काट्यावर २ किलो ३१० ग्रॅम भरली, डोलकाठी आणि पुढची तोफ अजून बसायची आहे. बाबा रोज येता-जाता काट्याकडे बघतात. काल विचारत होते, शाफ्टला बेअरिंग कुठलं लावलंस?