अंगावरचं, वरचं आणि मधलं

चौथ्या दिवशी लेकीचं वजन केलं तेव्हा काट्यावर २,५३० ग्रॅम आलं. जन्मली तेव्हा २,८५० होती. म्हणजे ३२० ग्रॅमची घट, अकरा टक्क्यांच्या वर. पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतंच, पण दहा टक्के ओलांडले की डॉक्टर पेन काढतात. आमच्याही डॉक्टरांनी काढलं. काविळीचा आकडा सोळा होता, त्यामुळे निळ्या दिव्याखाली ठेवायचं ठरलं आणि चिठ्ठीवर लिहिलं गेलं: दर तीन तासांनी ३० मिली पावडरचं दूध, वाटी-चमच्यानं.

मी ढसाढसा रडले. खरं सांगते, काविळीसाठी नाही, त्या चिठ्ठीसाठी. नऊ महिने वाचून वाचून माझं पक्कं ठरलं होतं की सहा महिने फक्त अंगावर पाजणार, पाण्याचा थेंबही नाही. आणि चौथ्याच दिवशी डबा.

नवरा खाली मेडिकलमध्ये गेला. ब्रँड सांगायच्या आत दुकानदारानं डबा काउंटरवर ठेवला, ‘या हॉस्पिटलला हाच चालतो.’ वर आल्यावर नवऱ्यानं डब्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचला. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, असं त्या डब्यावरच छापलेलं. ‘सिगारेटच्या पाकिटासारखं आहे गं हे,’ तो म्हणाला. टाके दुखत असतानाही मला हसू आलं.

मग बाळ दिव्याखाली आणि मी खुर्चीत, अशा दोन रात्री मी मोबाइलवर हेच वाचत बसले. डब्यावर ती ओळ असते, बाळाचं किंवा आईचं चित्र नसतं, त्याला कारण १९९२चा कायदा. बाळाच्या पावडरची जाहिरात करायची नाही, नमुने फुकट वाटायचे नाहीत, डॉक्टर-नर्सना भेटी द्यायच्या नाहीत. २००३च्या दुरुस्तीनं ही बंदी दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या सगळ्या खाण्याला लागू झाली. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुळात हे भांडण जुनं. सत्तरच्या दशकात गरीब देशांत पावडर खपवली गेली, तिथे स्वच्छ पाणी नव्हतं, डबा पुरावा म्हणून आया त्यात जास्त पाणी घालायच्या, आणि बाळं जुलाबानं दगावायची. १९७७मध्ये अमेरिकेत पावडर विकणाऱ्या नेस्ले कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. १९८१मध्ये जागतिक आरोग्य सभेत अशा पावडरच्या विक्रीसाठीची आचारसंहिता मतदानाला आली तेव्हा ११८ देश बाजूनं, तीन तटस्थ, आणि विरोधात एकटी अमेरिका. आपल्याकडे या कायद्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारी ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था १९९१मध्ये वर्ध्याला स्थापन झाली, हे वाचून उगाच अभिमान वाटला.

कायदा चांगलाच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण रात्री तीन वाजता माझ्यासमोर प्रश्न वेगळा होता. माझं बाळ छातीशी अर्धा अर्धा तास असायचं, तरी उपाशी का राहायचं?

त्याची सुरुवात पहिल्या रात्रीच झाली होती. सिझर दुपारी झालं. रात्री बाळ रडलं तर ‘तुम्ही झोपा, आम्ही बघतो’ म्हणून त्याला नर्सरीत नेलं. सकाळी बाळाच्या गळ्याखालच्या कपड्यावर वाळलेला पांढरा डाग होता आणि त्याला गोडसर वास येत होता. कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. कोणाचं नाव घेत नाही, कारण त्या वॉर्डात तीस बाळंतिणींमागे दोन सिस्टर होत्या आणि दोघीही धावत होत्या. भारतात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१चे आकडे. मधली बाळं कुठे असतात ते मी पाहिलंय. स्वच्छ दुपट्यात गुंडाळून, आईपासून एका भिंतीपलीकडे.

घरी, म्हणजे सांगलीला माहेरी, आल्यावर दोन पक्ष पडले. आईचा पक्ष अळिवाच्या खिरीचा, शतावरीचा आणि डिंकाच्या लाडवांचा. सासूबाई फोनवरून, ‘अगं, पावडर पाजून मुलं मोठी झाली नाहीत का? जिवाला त्रास करून घेऊ नकोस.’ पण पुण्याहून त्या बारशाला आल्या आणि पाहुणे यायच्या आत त्यांनीच तो डबा उचलून गव्हाच्या पिंपामागे ठेवला. आयांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी चुकून खरं लिहिलं, तर एकीचं उत्तर आलं, ‘एक चमचा पावडर दिलीस ना, संपलं. आता दूध आटणार.’ मी ग्रुप सोडला.

आज्जी तेवढी कोणत्याच पक्षात नव्हती. तिनं माळ्यावरून पितळेचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं नळीचं भांडं, काढायला लावलं आणि चिंचेनं घासत सांगत बसली. तिच्या वेळी पहिले तीन दिवस चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पिळून टाकायचे आणि बाळाला मधाचं बोट चाटवायचे. तिला विषमज्वर झाला तेव्हा माझ्या वडिलांना महिनाभर शेजारच्या काकूंनी आपल्या मुलासोबत पाजलं. वडिलांच्या आधीच्या भावाला बोंडल्यानं पाणी घातलेलं गाईचं दूध दिलं, तो राहिला नाही. हे तिनं आवाज न बदलता सांगितलं. आणि मग, ‘बोंडलं नको वापरू, त्याच्या नळीत आत घाण राहते. वाटीच बरी.’

मला खरी मदत केली ती एका निवृत्त सिस्टरांनी. मावशीच्या ओळखीनं गेले. दोन खोल्यांचं घर, टेबलावर बाळांचा वजनकाटा, दोन ग्रॅमपर्यंत मोजणारा. त्यांनी आधी बाळाचं वजन केलं, मग म्हणाल्या, ‘पाज.’ पंचवीस मिनिटं त्या काही न बोलता नुसत्या पाहत होत्या. परत त्याच कपड्यांत वजन. फरक चौदा ग्रॅम. ‘दूध आहे तुला. बाळाची पकड नाही. ती नुसतं टोक चोखतीय, म्हणून तुला चिरा पडल्यात.’

मग त्यांनी माझी पाठ सरळ केली, उशी घातली आणि लेकीला माझ्या काखेखालून घ्यायला लावलं, घागर कमरेला घेतो तशी, म्हणजे पोटाच्या टाक्यांवर भार येत नाही. ‘छाती बाळाकडे न्यायची नाही, बाळ छातीकडे आणायचं. जाड वडापाव खाताना तू काय करतेस? दाबून चपटा करतेस ना? तसंच धर. आणि तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांब.’ तीनदा चुकलं. चौथ्यांदा लेकीची हनुवटी आत रुतली, खालचा ओठ बाहेर दुमडला आणि चुक्‌चुक् आवाज थांबून घोट गिळल्याचा आवाज यायला लागला. दुखलं नाही. दहा दिवसांत पहिल्यांदाच दुखलं नाही.

पावडर लगेच बंद करायची नाही, हेही त्यांनीच बजावलं. आधी अंगावर दोन्हीकडे, मग वाटीनं वरचं, मग उरलेलं दूध हातानं पिळून काढायचं. छाती भरलेली राहिली की शरीर समजतं मागणी नाही आणि दूध कमी करतं. रिकामी झाली की वाढवतं. वरचं पाजलं की बाळ चार तास झोपतं, आपल्याला बरं वाटतं, आणि तेवढ्यात आपलं दूध कमी होतं. म्हणून वरचं कमी करायचं ते काट्याकडे बघत, जिद्दीनं नाही. मी वहीत लिहायचे: किती वेळा पाजलं, किती लंगोट भिजले. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले लंगोट हवेत. अठराव्या दिवशी ती जन्माच्या वजनावर आली. बाविसाव्या दिवशी सिस्टरांच्या काट्यावर एका पाजण्यात अडतीस ग्रॅम भरले. आईनं देवापुढे साखर ठेवली.

पण पूर्ण विजय वगैरे झाला नाही. संध्याकाळी सातनंतर ती किरकिर करायची आणि माझ्याकडे काही उरलेलं नसायचं. तेव्हा ६० मिली वरचं, पाचव्या महिन्यापर्यंत. मला ते अपयश वाटायचं. मग बेलारूसमधला अभ्यास वाचला. १९९६-९७मध्ये तिथल्या ३१ प्रसूतिगृहांतली १७ हजारांवर बाळं होती त्यात. चिठ्ठ्या टाकून काही प्रसूतिगृहांतल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानात मदत करायचं शिकवलं, बाकीच्यांत नेहमीसारखं चालू ठेवलं. पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेली बाळं एकीकडे ९.१ टक्के, दुसरीकडे १३.२. फरक खराच, पण माझी मुलगी रोज साठ मिलीनं बरबाद होईल असा नाही. पुढे दमा आणि लठ्ठपणात तर फरक दिसलाच नाही. मला जास्त लागला तो दुसरा आकडा. तीन महिन्यांला फक्त अंगावर पिणारी बाळं नेहमीच्या ठिकाणी ६.४ टक्के, आणि कर्मचारी शिकवलेल्या ठिकाणी ४३.३. आया त्याच देशातल्या होत्या. फक्त शेजारी कोणीतरी बसलं होतं.

सव्वीस आठवड्यांची रजा संपून मी पुण्यात बँकेत परतले. पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे. आमच्या शाखेत बावीस. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी असा नियम तेव्हा १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात होता, तो मी छापून नेला. साहेबांनी कुरकुर न करता रेकॉर्ड रूमची किल्ली दिली. जुन्या कर्जांच्या फायलींमध्ये स्टुलावर बसून मी पंप चालवायचे आणि बाहेरून शिपाई दादा ‘मॅडम आत आहेत’ म्हणून लोकांना थोपवायचे. फ्रिजमधल्या स्टीलच्या डबीकडे बघून एकदा कॅशियरनं विचारलं, ‘ताक का?’ मी हो म्हणाले, आणि मग दिवसभर डबीवर नजर ठेवून बसले.

सांगलीला जाताना एका बसस्थानकावर हिरकणी कक्षाला कुलूप होतं. किल्ली कंट्रोलरकडे, कंट्रोलर चहाला. बाकावर ओढणीखाली पाजताना मला ती रायगडची गवळण आठवली. कोजागिरीच्या रात्री तान्ह्यासाठी कडा उतरली, तिच्या नावाचा बुरूज झाला, खोल्याही झाल्या. २०२२च्या नागपूर अधिवेशनात आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या तेव्हा विधानभवनातही झाली. पण हिरकणी सकाळपासून गडावर दूध विकत होती ना? मग दिवसभर त्या बाळाला घरी कोणी काय पाजलं? त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. कोणीतरी वाटी-बोंडलं घेऊन बसलंच असेल की.

गेल्या महिन्यात जावेचं बाळंतपण झालं. रात्री दोनला तिचा फोन, रडत, ‘ताई, दूधच नाही मला, हे म्हणतायत डबा आणू का?’

मी विचारलं, ‘लंगोट किती ओले झाले?’

‘चार.’

‘आज कितवा दिवस?’

‘सहावा.’

‘आणू दे. वाटीनं दे, आधी अंगावर घेऊन. सकाळी डॉक्टरांकडे जाऊन वजन कर, उशीर करू नको. आणि सिस्टरांचा नंबर पाठवते, त्या सहाला उठतात.’