अहिल्याबाईंच्या तोफा

मे महिना संपत आला की आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला एकच घाई असते, आंत्रविषाराची टोचणी. पहिला पाऊस पडून कोवळं गवत वर आलं की मेंढ्या त्याच्यावर तुटून पडतात आणि रात्री धडधाकट असलेलं जनावर सकाळी पाय ताणून पडलेलं सापडतं. दोष गवताचा नसतो. अचानक भरपेट खाल्ल्यानं आतड्यातले जंतू भराभर वाढतात आणि विष सोडतात. औषधोपचाराला वेळच मिळत नाही, म्हणून लस पावसाआधी टोचून मोकळं व्हायचं. लस ठेवायची २ ते ८ अंशांत, आणि बाहेर यवतमाळ जिल्ह्यातला मे.

त्या दिवशी पुसदच्या बाजूला एका गावी होतो. रानोमाळ फिरलेले कळप पावसाळ्याच्या तोंडावर गावाकडे परतलेले असतात, तेव्हाच ते एका जागी सापडतात. उजाडायच्या आत सुरुवात केली. एकानं मेंढी धरायची, मी लोकर बाजूला सारून कातडीखाली सुई द्यायची, परिचर काकांनी पाठीवर रंगाचा ठिपका ओढायचा. दहा वाजेपर्यंत अर्ध्याहून जास्त कळप झाला आणि पेटीतला बर्फ मऊ पडायला लागला. काका किराणा दुकानाच्या फ्रीजमधून बर्फ आणायला गेले. मला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, पेटी शाळेत ठेवा. गावात तेवढीच खोली थंड हाय."

जिल्हा परिषदेची जुनी कौलारू खोली. सुट्ट्या असल्यामुळे कुलूप असेल असं वाटलं होतं, पण दार सताड उघडं. बाकं भिंतीला लावलेली, जमिनीवर कात्र्या, फेविकॉल, आणि समोरच्या भिंतीवर चादरीवर काढलेला भारताचा नकाशा. त्यावर लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या. काशी, गया, सोमनाथ, द्वारका, रामेश्वर, केदारनाथ. नर्मदेकाठी महेश्वरला मात्र मोठी हिरवी टिकली. मथळा वाचायची गरजच नव्हती.

अहिल्याबाई होळकर! ३१ मे २०२५ ला त्यांची तीनशेवी जयंती, त्यासाठी गावच्या पोरांनी हे मांडलं होतं. कुठे शहरातल्या वस्तुसंग्रहालयात नाही, माझ्या टोचणीच्या वाटेवर.

अहिल्याबाई माझ्या लहानपणापासूनच्या. आजीच्या देवघराशेजारी त्यांची तसबीर होती, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, तळहातावर शिवलिंग. चौथीत स्नेहसंमेलनात मी तीच झाले होते, ओढ्यातला काळा गोटा हातात घेऊन. संवाद एकही नव्हता. नुसतं बसायचं आणि शांत दिसायचं, जे मला अजिबात जमलं नाही. त्यानंतर जे हाती लागेल ते वाचलं, तरी मनातली बाई बसलेलीच राहिली.

इथल्या फलकांवर मात्र ती फिरत होती. चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची लेक, जन्म १७२५. खंडेराव होळकरांशी लग्न. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्यानं खंडेराव गेले. १७६६ ला सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. मग १७९५ पर्यंत महेश्वरहून कारभार. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असलेलं माणूस वाचत नाही, नुसती नजर फिरवतं. पुढच्या फलकाशी मात्र थांबले.

त्यावर मल्हाररावांनी १७६५ साली सुनेला पाठवलेल्या पत्राचा आशय होता. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठा तोफखाना तिथे ठेव आणि दारूगोळ्याची जितकी होईल तितकी तजवीज कर. ना आशीर्वादाचा पाल्हाळ, ना "जमेल का" अशी विचारणा. कामावरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलेलं. हे पत्र मी आधीही कुठेतरी वाचलेलं असणार, पण १७५४ आणि १७६५ असे दोन फलक शेजारी शेजारी टांगलेले कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, शेळी अडली होती. पिल्लाचे पाय आलेले, मान मागे वळलेली. आधी पिल्लू आत ढकलायचं, मग मान सरळ करून बाहेर घ्यायचं. हात बारीक असला की या कामात फायदाच. या भागात मी नवी होते तेव्हा "मोठे डॉक्टर कधी येतील?" असं विचारणारी मंडळी अशा वेळी माझ्या बोटांकडे बघून गप्प होतात. पिल्लू जगलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन पुन्हा शाळेत आले तर शेळीवाले आजोबाही मागोमाग.

त्यांना वाचता येत नव्हतं. पोरानं दोन्ही फलक मोठ्यानं वाचून दाखवले. आजोबांनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "म्हंजे ज्या तोफीनं पोरगा गेला, तेच तोफी सुनेच्या हाती देल्ल्या? सासऱ्याची छाती पाह्य माय. अन् तिची त्याहून पाह्य."

मी बराच वेळ जे जुळवत होते ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

बांगड्यांच्या काचेच्या पेटीत एका निवृत्त गुरुजींनी आपल्या संग्रहातला महेश्वरच्या टांकसाळीचा रुपया ठेवला होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर दिला. जाडजूड, कडा ओबडधोबड. अक्षरं फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, आणि त्याच अक्षरांच्या गर्दीत शिवलिंग आणि बेलाचं पान. बादशहाचं नाव ठेवायचं, कारण नाणं बाजारात चाललं पाहिजे. आणि खूण आपली उमटवायची. तसबिरीतल्या शिवलिंगापेक्षा मला हे शिवलिंग जास्त हुशार वाटलं.

आजोबांना रुपयात रस नव्हता. ते भिल्लांच्या फलकापाशी अडकले होते. वाटसरूंना लुटणाऱ्या भिल्लांनाच बाईंनी वाटेच्या राखणीला लावलं आणि त्या बदल्यात प्रवाशांकडून भिलकवडी नावाचा छोटा कर घेऊ दिला. कळप घेऊन चार जिल्हे तुडवणाऱ्या माणसाला देवळांच्या टिकल्यांपेक्षा हे लगेच पटलं. "बराबर केलं. ज्याची वाट, त्याची राखन," म्हणाले, आणि आपल्याला कुठल्या गावच्या शिवारात कोणी अडवलं होतं त्याची यादी सुरू केली. ती ऐकण्यासारखी होती, पण काका बर्फ घेऊन आले.

उरलेली टोचणी उन्हं कलल्यावर केली. निघताना पोरांना म्हटलं, ते पत्र दारातच लावा, आल्या आल्या दिसू द्या. सगळ्यांना पटलं, पण दारात आधीच भलामोठा फ्लेक्स बांधलेला. मधोमध तीच तसबीर, पांढरं लुगडं, हातात शिवलिंग, आणि चारी बाजूंनी गावातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो.

"तो हलवता येत नाही मॅडम," एक पोरगा हळूच म्हणाला. "वर्गणी त्याइनंच देल्ली."

शेवटी पत्राचा फलक फ्लेक्सच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर बांधायचं ठरलं. वाचायला वाकावं लागणार होतं. दुसऱ्या एकाचं म्हणणं पडलं की मग तिथे शेळ्या कागद खातील, आणि वर प्लॅस्टिक लावावं की नाही यावर ते भांडत असतानाच आमची गाडी सुरू झाली.