एडिंबरा फ्रिंजमधला चावट कवितांचा शो, आणि जाणार असाल तर काय काय बघून जा

स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या फ्रिंजला, म्हणजे दर ऑगस्टमधल्या कला महोत्सवाला, जाणारे आपले बरेच लोक मोठ्या नावांच्या स्टँडअपची तिकिटं काढतात, रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावरचे खेळ बघतात, किल्ल्यापाशी फोटो काढतात आणि परत येतात. स्पोकन वर्ड, म्हणजे कविता-किस्से मंचावर म्हणून दाखवायचे, असा वेगळा विभाग असतो तिकडे कोणी फिरकत नाही. माझं म्हणणं आहे की एक संध्याकाळ तरी त्याला द्याच, आणि त्यातही रात्रीचा चावट शो निवडा, कारण त्या गावात हा प्रकार आजकालचा नाहीये. रॉबर्ट बर्न्स, ज्याला स्कॉटिश लोक राष्ट्रकवी मानतात, तो एडिंबराला आला तेव्हा हाय स्ट्रीटला लागून असलेल्या अँकर क्लोज नावाच्या बोळातल्या खानावळीत क्रोकॅलन फेन्सिबल्स म्हणून एक टोळकं जमायचं, त्यात हा सामील झाला. त्याने जमवलेली आणि स्वतः रचलेली चावट गाणी तिथे चालायची. तो 1796 ला गेला आणि त्यानंतर 1799 च्या सुमारास त्या गाण्यांचं पुस्तकही निघालं. बोळ अजून आहे, उतरून बघता येतो.

फ्रिंजचं मूळही माहीत असलेलं बरं. 1947 मध्ये एडिंबराचा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा 8 नाटक कंपन्या आमंत्रण नसताना आल्या आणि कडेकडेने प्रयोग करून गेल्या, तिथून हे सुरू झालं. आजही निवड समिती वगैरे काही नाही, जागा मिळाली की कोणीही शो करू शकतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये तीन हजारांच्या वर शो असतात आणि त्यात रत्नं आणि रद्दी शेजारी शेजारी मिळतात. आपल्याकडे नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, तिकडे कोणी आधी वाचत नाही. ब्रिटनमध्येही 1968 पर्यंत नाटकांना लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या ऑफिसची परवानगी लागायची, म्हणजे हा मोकळेपणा त्यांनाही सहज मिळालेला नाही.

आम्ही बघितला तो शो काउगेट नावाच्या रस्त्याजवळच्या एका पबच्या तळघरात होता, दगडी कमान, जरा ओलसर वास, चाळीसेक खुर्च्या आणि एक माईक, बस. सोबत माझी आत्या होती, मूळची नारायणगावची, भारतातून आलेली. कलाकार म्हणजे पन्नाशी उलटलेली बाई, कार्डिगन, गळ्यात अडकवलेला चष्मा, हातात वही, बघून वाटावं की ही आता भिशीचा हिशोब वाचणार. पहिली पाच मिनिटं एकदम सोज्वळ. मग तिने प्लंबरची कविता काढली. एक विधवा घरी प्लंबरला बोलावते एवढीच गोष्ट, आणि पूर्ण कवितेत फक्त पाईप, वॉशर, प्रेशर, गळती असलेच शब्द, एकही शिवी नाही, एकही घाण शब्द नाही. पण प्रत्येक कडव्याच्या शेवटी यमक असं लावलेलं की पुढचा शब्द आपल्या डोक्यात आपोआप येतो, ती नेमकी तिथे थांबते, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघते आणि भलताच निरागस शब्द टाकून पुढे जाते. चावट शब्द बोललं कोण, तर आपण, मनातल्या मनात! तळघर नुसतं खदखदत होतं आणि सगळ्यात जोरात हसत होती आत्या. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, ही तर गवळणीतली मावशी आहे!" आणि खरंच, ज्याने गवळण आणि बतावणी बघितलीय त्याला हा शो इंग्रजाळलेल्या स्टँडअपपेक्षा पटकन कळेल, कारण सगळा खेळ द्व्यर्थाचा आणि टायमिंगचा.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. मधे तिने नवरा गेल्यावर पलंगाच्या एका बाजूची चादर चुरगळतच नाही अशी कविता म्हटली, हसणं एकदम थांबलं, आणि पुढच्या कवितेत पुन्हा वात्रटपणा सुरू. हसू कधीच प्रेक्षकांतल्या कोणावर नव्हतं, कोणाच्या अंगकाठीवर, वयावर नव्हतं. कंबरेखालचे नुसते पाचकळ विनोद करणारे शोही आम्ही बघितले, अर्ध्या तासात कंटाळा येतो.

आता कामाचं. पीबीएच फ्री फ्रिंज आणि लाफिंग हॉर्स या आयोजकांचे बरेच शो विना-तिकीट असतात, शेवटी दारात बादली धरतात. फुकट म्हणून हात हलवत निघून जाऊ नका प्लीज, शो आवडला तर 5-10 पाउंड टाकाच, कलाकाराची कमाई तीच, आणि बहुतेक जणांकडे कार्डचं मशीनही असतं. स्पोकन वर्डसाठी निड्री स्ट्रीटवरचा बँशी लॅबिरिंथ हा पब बघा. सीट पहिले येईल त्याला, तेव्हा वीस मिनिटं आधी पोचा.

दुसरं म्हणजे मॅपवर आंधळा विश्वास नको. जुनं शहर दोन मजली आहे, साउथ ब्रिज आणि जॉर्ज फोर्थ ब्रिज हे रस्ते काउगेटच्या डोक्यावरून जातात, मॅप म्हणतो पोचलात आणि व्हेन्यू असतो तुमच्या पायाखाली, मग जिने शोधत उतरा. शो साधारण तासाभराचे असतात, उशीर झाला तर बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, म्हणून दोन शोमध्ये निदान पाऊण तास ठेवा.

वयाची अट लिस्टिंगमध्ये लिहिलेली असते, 16 किंवा 18 च्या वर असेल तर मुलांना नेऊ नका. आईवडिलांना, सासूसासऱ्यांना न्यायचं असेल तर आधी स्पष्ट सांगा शो कसला आहे ते, ठरवू दे त्यांना. पहिल्या रांगेत बसलात तर प्रश्न येणारच, नको असेल तर मागे बसा. स्कॉटिश उच्चार पहिली दहा मिनिटं जड जातात, मग कान बसतो.

राहण्याचे भाव ऑगस्टमध्ये डोळे पांढरे करतात, युनिव्हर्सिटीची हॉस्टेलं सुट्टीत भाड्याने देतात ती लवकर बुक करा, नाहीतर ग्लासगोला राहा, ट्रेनने तासाभराच्या आत पोचता, फक्त शेवटच्या गाडीची वेळ बघूनच रात्रीचा शो घ्या. छत्रीचा वाऱ्यात उपयोग नाही, टोपीचं रेनजॅकेट हवं. सुरुवातीच्या प्रिव्ह्यूच्या, म्हणजे चाचणी प्रयोगांच्या दिवसांत तिकिटं स्वस्त असतात. आणि बऱ्याच कलाकारांचा मधे एखादा सुट्टीचा दिवस असतो, तेव्हा फ्रिंजच्या अ‍ॅपवर तारीख बघूनच निघा.