ताश्कंदच्या भिंतीवरचा कापूस

ताश्कंद (उझबेकिस्तान), ऑक्टोबर, रात्री

दिल्लीहून निघून तीन तासांच्या आत येथे उतरलो. घड्याळ अर्धा तास मागे घेतले, एवढाच काय तो परदेशी आल्याचा पुरावा दुपारपर्यंत हाती होता. मुलगी येथे डॉक्टरकीचे शिक्षण घेते. तिला भेटावे आणि जमल्यास समरकंद पाहावे, असा साधा बेत आहे.

जेवणानंतर तिने आम्हाला मेट्रोत बसवले. १९७७ साली सुरू झालेल्या या भुयारी रेल्वेची स्थानके पाहण्यासारखी आहेत, असे ती सांगत होतीच; २०१८ पर्यंत येथे छायाचित्र काढायलाही बंदी होती म्हणे. पख्ताकोर स्थानकावर उतरलो आणि मी जागीच थबकलो. कापूस पिकवणाऱ्यांच्या नावाचे ते स्थानक, आणि त्याच्या भिंतींवर रंगीत तुकड्यांच्या नक्षीत कापूस फुललेला. विदर्भातल्या दारव्ह्याकडच्या काळ्या रानात ज्याचे सारे आयुष्य पऱ्हाटीत गेले, त्या माणसाला आपले पीक असे भिंतीवर मानाने मांडलेले दिसावे, याची कल्पना मी केली नव्हती. आमच्याकडे कापसासाठी इंग्रजांच्या काळात शकुंतला रेल्वे धावली, पण तिच्या एकाही स्थानकावर बोंडाचे चित्र मला कधी दिसले नाही. कापूस म्हटला की आम्हाला बोंडअळी आठवते, वेचणीची मजुरी आठवते, आणि जिनिंगसमोर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्या आठवतात. त्याच्याकडे नुसते पाहत राहण्याची सवडच कोणाला?

संध्याकाळी चहाच्या दुकानात तीच नक्षी पुन्हा भेटली. गडद निळ्या किटलीवर आणि बिनकानाच्या वाट्यांवर पांढरी बोंडे, भोवती सोनेरी रेघ. वाटी हातात फिरवून पाहिली. एकही बोंड किडके नाही, चित्रकार नशीबवान. चहा मात्र हिरवा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मुलीच्या आईने दोन घोट घेऊन वाटी बाजूला सारली आणि किमतीची चौकशी सुरू केली. चहाच्या नव्हे, वाट्यांच्या.

येथला कापूस आमच्यासारखा पावसाच्या भरवशावर नाही, तो कालव्याच्या पाण्यावर पिकतो. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी त्याच्याकडे वळवले, म्हणून अरल समुद्र आटला, हे मला ठाऊक आहे आणि त्याचे कौतुक मला मुळीच नाही. आजच्या आनंदाला मात्र त्याने बाधा आली नाही.

उद्या सकाळी शास्त्रीजींचा पुतळा पाहायचा आहे. ११ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन याच शहरात झाले. त्यानंतर शहराबाहेर एखादे कापसाचे शेत दाखव, असे मुलीला सांगितले आहे. "बाबा, तुम्ही कापूस पाहायला एवढ्या दूर आलात का?" असे म्हणून ती हसली. पण सध्या येथेही वेचणीचे दिवस आहेत, आणि दोन झाडांत व दोन ओळींत अंतर किती ठेवतात, हे मला डोळ्यांनी पाहायचेच आहे.