पत्त्यातलं 'आकी-गुन': माझा अनुभव

जपानमध्ये घर बदललं की १४ दिवसांत नव्या ठिकाणच्या कार्यालयात नोंद करावी लागते. मला धास्ती त्याचीच होती, पण ते काम एका फेरीत झालं. शहराचं कार्यालय 'शियाकुशो', नगराचं 'याकुबा'. मी गेले याकुबात. जुन्या शहराचा दाखला दिला, रेसिडेन्स कार्डामागे (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र) नवा पत्ता आला.

अडकलं बँकेत.

माझं नवं गाव हिरोशिमा प्रांतातलं फुचू-चो. 'चो' म्हणजे नगर. चहूबाजूंनी हिरोशिमा शहर आणि मध्ये हे स्वतंत्र. वस्ती ५० हजारांच्या वर, तरी नगरच. याच प्रांतात फुचू-शि नावाचं निराळं शहर आहे, आणखी एक टोकियोत!

बँकेच्या अर्जावर मी 'हिरोशिमा, फुचू-चो' लिहिलं, कारण ऑफिसात सगळे तसंच म्हणतात. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. रेसिडेन्स कार्डावरच्या पत्त्यातलं 'आकी-गुन' राहिलं होतं. 'गुन' म्हणजे प्रांतातल्या नगरं-गावांचा गट, 'आकी' हे त्याचं नाव. दुसऱ्यांदा मी स्वतः काउंटरवर गेले. तिथल्या बाईंनी माझा 'आकी-गुन' लिहिलेला अर्ज चुकीचा ठरवून नव्या अर्जावर 'हिरोशिमा-शि, आकी-कु' लिहायला लावलं. आकी-कु हा हिरोशिमा शहराचा वॉर्ड, माझं घर तिथे नाहीच. पण त्या ठाम होत्या, मी नवखी. लिहिलं. नवं डेबिट कार्ड त्या पत्त्यावर गेलं आणि बँकेत परतलं. दीड महिना गेला. तेव्हा गप्प का बसले, ही चुटपुट अजून आहे.

गुन म्हणजे आपला तालुका, असं मी धरून चालले होते. तहसील कचेरीसारखं काही असेल तर तिथे विचारू म्हटलं, तर गुनची कार्यालयं १९२६ सालीच बंद झालेली! आकी-गुनमध्ये फुचू, काइता, कुमानो, साका अशी चार नगरं. प्रत्येकाचा प्रमुख वेगळा, सभा वेगळी. गुन उरलाय तो पत्त्यापुरता, आणि तेवढ्यावर माझं डेबिट कार्ड अडलं. १९९९ साली देशात १,९९४ नगरं होती, विलीनीकरणांनंतर साडेसातशेही उरली नाहीत. शहरात विलीन झालेल्या नगरांच्या पत्त्यातून गुन निघून गेला. त्या बाईंना तो अनोळखी वाटला असेल, पण माझं रेसिडेन्स कार्ड उलटून बघायला काय हरकत होती?

तिसऱ्यांदा याकुबातून जुमिन्ह्यो, म्हणजे रहिवासाचा उतारा, आणून समोर ठेवला. दहा मिनिटांत काम झालं.

हो, नगराचं तेच अक्षर काही प्रांतांत 'माची' वाचतात, तेव्हा उच्चार आधी विचारा. आणि जुमिन्ह्योच्या दोन प्रती पहिल्याच फेरीत घ्या.