डायलिसिसनंतर मंदावलेला श्वास

मूत्रपिंडे निकामी झालेल्या एका रुग्णाच्या मुलाने परवा मला अतिदक्षता विभागाच्या दारातच गाठले. वडील व्हेंटिलेटरवर होते, चार तासांचे डायलिसिस नुकतेच संपले होते आणि सकाळी मिनिटाला ३४ दिसणारी श्वासांची संख्या आता १८ वर आली होती. "डॉक्टर, बाबांचा श्वास कमी होत चाललाय," एवढेच तो म्हणाला.

त्याची भीती रास्त होती. श्वास मंदावणे चांगलेही असू शकते आणि वाईटही.

डायलिसिसचा श्वासावरचा पहिला परिणाम पाणी कमी झाल्याने होतो. लघवी बंद झाली की साचलेले पाणी जसे पायांच्या सुजेत दिसते, तसेच ते फुप्फुसांतही उतरते. सकाळी सिस्टरांनी श्वासाच्या नळीतला स्राव ओढून काढला (सक्शन) तेव्हा नळीतून गुलाबीसर फेस येत होता. डायलिसिसमध्ये अडीच लिटर पाणी काढल्यावर, व्हेंटिलेटरचा दाब तोच असताना, प्रत्येक श्वासाला आत जाणारी हवा ३१० मिलिलिटरवरून ४३० वर गेली आणि व्हेंटिलेटरमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ७० टक्क्यांवरून ५० वर आणता आला. हे पाणी घाईने काढले तर मात्र रक्तदाब कोसळतो, म्हणून नाजूक रुग्णांत आम्ही तेच काम सहा ते बारा तासांत संथपणे करतो.

दुसरा परिणाम आम्लतेचा आहे, आणि माझ्या मते त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. रक्तात आम्ल साठले की शरीर जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते; ती ३४ ची धाप बरीचशी त्यासाठीच होती. डायलिसिसच्या द्रावातून आम्लता शमवणारे बायकार्बोनेट मिळाले की ही निकड संपते. पूर्वी, १९७०-८० च्या दशकांत, द्रावात बायकार्बोनेटऐवजी ॲसिटेट सर्रास वापरत. तेव्हा कार्बन डायऑक्साइड रक्तातून थेट द्रावात निघून जाई, श्वासाची प्रेरणा मंदावे आणि स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णांचा ऑक्सिजन उतरे.

आज धोका वेगळ्या ठिकाणी आहे. श्वासांची संख्या आम्हीच ठरवून दिलेली असेल आणि आम्लतेवर उपाय म्हणून ती मुद्दाम वाढवून ठेवलेली असेल, तर डायलिसिसनंतर ती कमी करायलाच हवी. नाहीतर व्हेंटिलेटर गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर काढत राहते आणि रक्त अल्कधर्मी होते. रुग्ण स्वतः श्वास सुरू करत असेल, तर बायकार्बोनेट फार वाढल्याने त्याची प्रेरणाच मंदावते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि व्हेंटिलेटर सुटणे लांबते. ग्लानी आणि झोपेच्या औषधाचा अंमल यांमुळेही श्वास असाच मंद दिसतो. म्हणून डायलिसिसनंतरचा एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायू आणि आम्लतेची तपासणी) टाळू नये, असे मी प्रत्येक नव्या निवासी डॉक्टरला सांगतो.

मी मुलाला आत नेऊन एबीजीचे दोन्ही अहवाल दाखवले: सकाळी पीएच (आकडा जितका कमी, तितके रक्तात आम्ल जास्त) ७.१६ आणि कार्बन डायऑक्साइड २६, आता ७.३८ आणि ३८, म्हणजे दोन्ही सामान्य. बाबांनी हाक मारताच डोळे उघडले. "मग नळी कधी काढणार?" त्याने विचारले. रक्तदाब रात्रभर असाच टिकला, तर सकाळी मशीनचा आधार कमी करून पाहू, असे मी सांगितले.