निम्मे सदस्य बौद्ध आहेत, मग तक्रार कशाची?

बोधगयेच्या महाबोधी महाविहाराचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते : व्यवस्थापन समितीत निम्मे सदस्य बौद्ध आहेत, वंदनेला कुणाची आडकाठी नाही, मग तुम्हा बौद्धांची तक्रार कशाची? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

१९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार समितीत चार बौद्ध आणि महंतांसह चार हिंदू सदस्य असतात, आणि अध्यक्षपद गयेच्या जिल्हाधिकाऱ्याकडे असते. जिल्हाधिकारी हिंदू नसेल, तर तेवढ्या काळापुरता एखादा हिंदू अध्यक्ष सरकारने नेमावा, अशी तरतूद २०१३ पर्यंत होती. म्हणजे बुद्धाला जिथे बोधी प्राप्त झाली, तिथे बौद्धांचे बहुमत कधीच होऊ नये याची तजवीज खुद्द कायद्यानेच केलेली होती. २०१३ च्या दुरुस्तीने ही अट गेली, तरी सदस्य नेमण्याचा अधिकार बिहार सरकारकडेच राहिला. त्यामुळे जे चार बौद्ध समितीत बसतात, तेही बौद्धांनी निवडलेले नसतात. माझी मुख्य तक्रार आकड्यांविषयी नसून या नेमणुकीविषयी आहे.

१८९१ मध्ये श्रीलंकेचे बौद्ध धर्मप्रचारक अनागारिक धर्मपाल तिथे आले, तेव्हा महाविहार शैव महंतांच्या ताब्यात होता, आणि त्या स्थितीतून निघालेली तडजोड म्हणून १९४९ चा कायदा समजून घेता येतो. परंतु पुढच्याच वर्षी अमलात आलेल्या संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क दिला, आणि तडजोड मात्र तशीच राहिली. नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांनी १९९२ मध्ये त्याविरुद्ध आंदोलन उभारले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खू पुन्हा उपोषणाला बसले, ते महाविहाराचा कारभार बौद्धांकडे सोपवावा याच मागणीसाठी.

यावर कुणी पंढरपूरचा दाखला देतात. तिथेही १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले, हे खरेच आहे, आणि मला ते योग्यही वाटते. पण विठ्ठलाच्या मंदिर समितीत निम्म्या जागा अन्य धर्मीयांसाठी राखून ठेवाव्यात, असे कुणी सुचवले नाही. बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याने हिंदूंचाही हक्क आहे, हा युक्तिवाद तर आमच्यापुरता १४ ऑक्टोबर १९५६ रोजीच संपला, कारण बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी त्याच समजुतीला नकार देते. कुणी श्रद्धेने बोधिवृक्षापाशी येऊन पिंडदान करीत असेल, तर त्याला अडवावे असे मी म्हणणार नाही. दर्शनाचा हक्क आणि कारभाराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरक्षेची जबाबदारी सरकारचीच आहे, विशेषतः जुलै २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर, पण ती पार पाडण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याने समितीचे अध्यक्षपद भूषवण्याची गरज नाही. अवघड प्रश्न खरे तर आमच्याच बाजूला आहे : थेरवादी भिक्खू, हिमालयातील लामा, श्रीलंका-म्यानमारचे संघ आणि महाराष्ट्रातील आंबेडकरी उपासक यांच्यातून विश्वस्त कोणी आणि कसे निवडायचे? त्याचा आराखडा आम्ही आत्तापासूनच मांडायला हवा, आणि तो मांडताना आमच्यात भांडणे होतील हेही मला दिसते आहे.